आमच्याकडे चालत नाही

जयंतीला प्रश्न विचारला की उत्तर तिच्या नवऱ्याकडून यायचं. दाताच्या डॉक्टरने तिला आ करायला लावून "कुठे दुखतंय?" म्हणून विचारावं, तर खुर्चीमागून चंद्रप्रकाशांचा आवाज, "डावीकडे, खाली, शेवटून दुसरी. गार पाण्याने जास्त." साडीच्या दुकानात घड्या उलगडायच्या आधीच, "फिके रंग नकोत, हिला आवडत नाहीत." जयंतीला फिके रंग आवडायचे. पण भर दुकानात फिक्या रंगासाठी नवऱ्याशी कोण हुज्जत घालणार? म्हणून मुलुंड पूर्वेच्या त्यांच्या घरातलं कपाट वर्षानुवर्षं जांभळ्या आणि तपकिरी साड्यांनी भरत गेलं.

माणूस वाईट असता तर सोपं होतं. वाईट माणसावर मोकळेपणी चिडता येतं. चंद्रप्रकाश ओगले हे विमा कंपनीतून निवृत्त झालेले, आयुष्यात खोटं न बोललेले, बायकोच्या रक्तदाबाच्या गोळ्या तिच्याआधी लक्षात ठेवणारे गृहस्थ होते. अशा माणसावर चिडलं की चिडणारीच वाईट दिसते. त्यामुळे जयंतीची चीड आतल्या आत मुरत राहायची, आणि यंदाच्या मार्चमध्ये ती अगदी गळ्याशी आली होती.

कारण होतं गंधाली, त्यांची एकुलती एक लेक. ती वेस्ट इंडीजमधल्या एका बेटावर राहत होती. जावई अनय तिथे समुद्रातल्या गॅसच्या प्रकल्पावर इंजिनीअर होता. एकदा पाळीवर गेला की पंधरवडाभर जमिनीवर पाय नाही. गंधालीचं पहिलंच बाळंतपण, दिवस भरत आलेले, पाय सुजलेले, आणि अनयची पाळी नेमकी त्याच सुमाराला. "आई, तू आलीस ना की मला कशाचीच भीती नाही," असं ती फोनवर म्हणायची. फोन ठेवल्यावर जयंती ओट्यापाशी उभी राहून कोरडी भांडी पुन्हा पुसत बसायची.

जयंती एकटीच जाणार होती. वाटेत ज्या देशात रात्रभर थांबून विमान बदलायचं होतं तो पिवळ्या तापाचा देश, त्यामुळे लस टोचल्याचा दाखला नसेल तर बेटावर पाऊल ठेवू देणार नव्हते. जयंती साठीच्या आतली, चंद्रप्रकाश साठीच्या बरेच पुढचे. या वयात ही लस पहिल्यांदाच टोचून घेणं धोक्याचं, असं त्यांच्या नेहमीच्या डॉक्टर श्यामसुंदरांनी स्पष्ट सांगितलं होतं. जायला मिळत नाही म्हटल्यावर चंद्रप्रकाशांनी आपली सगळी हौस बायकोच्या तयारीवर भागवायला घेतली. टायफॉइडची लस झाली, काविळीची झाली. डासांचं मलम आलं, लांब बाह्यांचे कुडते आले, जुलाबावरची पावडर एका गावाला पुरेल इतकी आली. सकाळच्या चहाबरोबर रोज वाचन.

"हा पिवळ्या तापाचा डास दिवसा चावतो बरं का जयू. डेंग्यूवाल्याचाच भाऊबंद. दुपारी खिडक्या बंद."

"बरं."

"नळाचं पाणी नाही. बर्फ नाही. कापून ठेवलेली फळं नाहीत. उघड्या पायांनी वाळूत चालायचं नाही."

"मग विमानातून खाली उतरू की नको?"

"थट्टा नको. वेस्ट इंडीज मला लहानपणापासून माहीत आहे," चंद्रप्रकाश म्हणाले. त्यांना ते रेडिओवरच्या क्रिकेटमधून माहीत होतं.

पिवळ्या तापाची लस मात्र डॉक्टर श्यामसुंदरांकडे मिळत नव्हती. त्यासाठी अंधेरीच्या केंद्रात जावं लागे, आणि तेही मंगळवारी नाहीतर शुक्रवारी, कारण लशीची बाटली एकदा उघडली की लगेच संपवावी लागते, म्हणून माणसं जमवूनच टोचतात. मंगळवारी दोघं रिक्षाने निघाले. साकीनाक्याला रिक्षा जी अडकली ती अडकलीच. चंद्रप्रकाश रिक्षावाल्याला डावी-उजवी सांगत होते, रिक्षावाला ऐकत नव्हता, आणि जयंती रिक्षावाल्याकडे जरा हेव्याने बघत होती.

केंद्रात वनमाला सिस्टर एकेकाला नाव, वय, आजार विचारून कागदावर खुणा करत होती. जयंतीची पाळी आली.

"मावशी, रक्तदाब?"

"आहे, गोळीने ताब्यात आहे," चंद्रप्रकाश म्हणाले.

"अंडं चालतं का?"

"छे छे! आमच्याकडे अंडं अजिबात चालत नाही."

मराठीत 'चालत नाही' हा मोठा कामाचा शब्द आहे. कुणाच्या घरात कांदा चालत नाही, कुणाच्या घरात काळी साडी. कुणाच्या पोटाला दूध चालत नाही, कुणाच्या सासूला सुनेची नोकरी. यातलं पोटाचं कुठलं आणि देवघराचं कुठलं, हे ऐकणाऱ्याने आपलं आपण ओळखायचं असतं. चंद्रप्रकाश देवघराचं बोलले. वनमाला सिस्टरने पोटाचं ऐकलं, आणि लाल पेनाने कागदावर भलामोठा गोल काढून दोघांना डॉक्टरांच्या खोलीत पाठवलं.

डॉक्टर अनुपमा तरुण होती, घाईत होती, पण उद्धट नव्हती. "काकू, अंड्याने काय होतं तुम्हाला? अंगावर उठतं? श्वास लागतो?"

"घर बाटतं," चंद्रप्रकाश म्हणाले.

डॉक्टर हसली. "अहो काका, ही लस कोंबडीच्या अंड्यात वाढवतात, म्हणून विचारतोय आम्ही. खात नाही आणि सोसत नाही, यात फरक आहे ना! नुसतं खात नसतील तर काहीच प्रॉब्लेम नाही." तिने तो लाल गोल खोडायला पेन उचललं.

प्रकरण तिथेच मिटलं असतं. जयंतीने बाहीसुद्धा वर सरकवली होती. पण चंद्रप्रकाश खोटं न बोलणारे, आणि अर्धं खरंही त्यांना खोट्यासारखंच वाटायचं.

"नाही नाही डॉक्टर, सोसतही नाही तिला," ते पुढे सरकून म्हणाले. "चार वर्षांपूर्वी तिच्या ऑफिसातल्या सुगंधाबाईंच्या मुलाचं रिसेप्शन होतं गोरेगावला. तिथे चुकून पुडिंग खाल्लं हिने, अंड्याचं. घरी येईपर्यंत तोंड सुजलं, मानेवर गांधी उठल्या. इंजेक्शन द्यावं लागलं. शरीरच नाकारतं हो, पिढ्यांची सवय असते."

हे शेवटचं वाक्य त्यांनी अशा अभिमानाने म्हटलं की जयंतीला खुर्चीसकट जमिनीत जावंसं वाटलं. डॉक्टर अनुपमाचं हसू गेलं. पेन खाली ठेवलं गेलं.

"ते अंड्याने नव्हतं," जयंती घाईघाईने म्हणाली. "त्या दुपारी मी पहिल्यांदा केसांना रंग लावला होता. त्याने झालं."

"हिला तसं वाटतं," चंद्रप्रकाश म्हणाले.

"रंगाने होऊ शकतं," डॉक्टर म्हणाली, "पण पुडिंगनेही होऊ शकतं. मला कसं कळणार? एक सांगा काकू, त्यानंतर अंडं घातलेलं काही खाल्लंय? केक, बिस्किट, काहीही? खाल्लं असेल आणि त्रास झाला नसेल, तर मी आत्ता टोचते."

जयंतीने तोंड उघडलं.

"केकसुद्धा आमच्या घरी बिनअंड्याचाच असतो," चंद्रप्रकाश म्हणाले.

जयंतीने तोंड मिटलं.

मग काय, अॅलर्जीच्या तज्ज्ञांची चिठ्ठी आणा, त्याशिवाय मी हात लावणार नाही, असं डॉक्टरने सांगितलं, आणि तिच्या जागी कुणीही तेच सांगितलं असतं. दाखला लस टोचल्यावर दहा दिवसांनी लागू होतो, म्हणजे येता शुक्रवार हाच शेवटचा. तो हुकला तर विमान गेलं आणि गंधालीला कळा एकटीलाच सोसायच्या.

परतीच्या रिक्षात जयंती बाहेर बघत बसली. साकीनाका पुन्हा तुंबलेलाच होता.

"तू रागावलीस," चंद्रप्रकाश म्हणाले. "पण खरं ते सांगायला नको का? जिवाशी खेळ आहे, जयू."

"तुम्हाला कोणी विचारलं होतं?"

"म्हणजे काय? मी नाही सांगणार तर कोण सांगणार?"

जयंतीने पदर घट्ट ओढून घेतला.

आता डॉक्टरसमोर तिने तोंड का मिटलं, ते. घाटकोपरच्या एका गल्लीत जुनी बेकरी आहे. चंद्रप्रकाशांची कचेरी तिथे जवळच होती. नोकरीत असल्यापासून, आणि निवृत्त झाल्यावर तर मुद्दाम वाट वाकडी करून, ते दर रविवारी तिथून मावा केक आणत. केक म्हटलं की अंडं आहे का नाही याची दहा ठिकाणी चौकशी करणारा हा माणूस, पण मावा केकच्या बाबतीत त्यांनी कधी कुणाला विचारलंच नाही. मावा म्हणजे आटवलेलं दूध. पेढ्यात मावा, बर्फीत मावा, तसा केकमध्ये मावा. त्यात अंडं येईलच कुठून? इतका साधा हिशोब होता त्यांचा.

एकदा त्यांना ताप होता म्हणून जयंती स्वतः बेकरीत गेली. सहज म्हणून तिने गल्ल्यावरच्या धोंडिरामला विचारलं, तर तो हसायलाच लागला. "बिनअंड्याचा मावा केक? ताई, अंड्याबिगर तो फुगंल कसा?" जयंती पुडकं हातात घेऊन घरी आली ती जवळजवळ उड्या मारतच. इतक्या वर्षांत पहिल्यांदा चंद्रप्रकाश ओगले चुकले होते, आणि ते त्यांना सांगायला मिळणार होतं!

सांगायला मिळालं नाही. घरी सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या. त्या दिवसांत त्यांच्या घशाखाली काही उतरत नसे. भात नाही, पेज नाही. उतरायचा तो एक मावा केक, दुधात भिजवलेला. अंगात ताप असूनही चंद्रप्रकाश उशाशी बसले, पुडकं सोडलं आणि चमच्या-चमच्याने भरवायला लागले. "आई, आणखी एक. एवढाच." आणि ज्या सासूबाईंनी जन्मभर बाहेरचं पाणी प्यायलं नाही, सोवळ्यात नसलेल्या हाताचं खाल्लं नाही, त्या तोंडाचा आ करत होत्या. ते बघून जयंतीची नवऱ्याला सांगायची छाती झाली नाही, पण इतक्या सोवळ्याच्या बाईपासून लपवणंही तिला पाप वाटलं. ते झोपल्यावर तिने सासूबाईंच्या कानाशी लागून खरं ते सांगितलं. सासूबाईंनी तिचं मनगट पकडलं आणि तिच्याकडून शब्द घेतला. बाळला, म्हणजे चंद्रप्रकाशांना, यातलं काही कळता कामा नये.

पुढे महिन्याभरात त्या गेल्या. चंद्रप्रकाशांचा केक चालूच राहिला. आईच्या तिथीला तर नैवेद्याच्या ताटात वरण-भाताशेजारी त्याचा एक तुकडा असे, आणि फोटोपुढे ताट ठेवताना ते म्हणत, "शेवटचा घास माझ्या हातचा घेतला तिने." या माणसाला कुठल्या तोंडाने सांगायचं की तो घास कशाचा होता? सहा वर्षं जयंतीने तोंड शिवून ठेवलं होतं. आणि आता तेच शिवलेलं तोंड लेकीच्या आड आलं होतं.

बुधवारी अॅलर्जीच्या डॉक्टरांकडे फोन केला. त्यांची तारीख पुढच्या महिन्याची. चंद्रप्रकाशांनी विनंती केली, निवृत्त माणूस आहे म्हणाले, बाळंतपण आहे म्हणाले. पलीकडची मुलगी म्हणाली, "अंकल, सगळ्यांचंच अर्जंट असतं." मग डॉक्टर श्यामसुंदरांकडे गेले. ते म्हणाले, "एवढं काय घेऊन बसलात? माझ्यासमोर इथे बसून उकडलेल्या अंड्याचा छोटासा तुकडा खाऊ दे वहिनींना. झालं तर औषध हाताशी आहे. नाही झालं तर मी लगेच लिहून देतो."

"मी खाते," जयंती म्हणाली.

"ती नाही खाणार," चंद्रप्रकाश म्हणाले.

"अहो, मी खाते म्हणतेय ना!"

"आणि काही झालं तर?" चंद्रप्रकाशांचा आवाज चढला, आणि मग एकदम उतरला. "त्या रात्री तुझे डोळे उघडत नव्हते, जयू. मी बघितलंय. मी नाही तो खेळ करू देणार."

त्यांच्या डोळ्यांत खरंच भीती होती. जयंतीला गलबलून आलं आणि त्याच क्षणी त्यांचे खांदे धरून गदागदा हलवावंसंही वाटलं. प्रेम करतो, काळजी करतो, आणि नेमका आडवा येतो! अशा माणसाचं करायचं काय?

गुरुवारी सकाळी त्यांनी तिच्यादेखत गंधालीला फोन लावला. "बाळा, आईचं काही जमेलसं दिसत नाही. तब्येतीचं कारण आहे. तिथे एखादी चांगली बाई बघून ठेव, अनयला म्हणावं चौकशी कर."

पलीकडून गंधाली म्हणाली, "ठीक आहे, बाबा." शाळेत सहलीचं रद्द झालं की अशाच आवाजात 'ठीक आहे' म्हणायची ती. जयंतीने फोनसाठी हात पुढे केला, तोवर चंद्रप्रकाशांनी "काळजी घे" म्हणून तो ठेवूनही दिला होता.

"उद्या मी अंधेरीला जाते," जयंती म्हणाली. "एकटी. डॉक्टरीणबाईंशी मी बोलते."

"तू काय बोलणार? तुला नीट मांडता येणार नाही. मी येतो, लशीतून सवलतीचं पत्र मागू. अशी पत्रं देतात, मी वाचलंय."

"मला एकटीलाच जायचंय."

"वेडी आहेस का? साकीनाक्याला काय परिस्थिती असते बघितलंस ना?"

एकटीने गेली असती तर काम किती सोपं होतं! दार लावून डॉक्टरच्या कानात सांगायचं, टोचून घ्यायचं, घरी यायचं. सासूबाईंचा शब्द राहिला असता, नवऱ्याचा नैवेद्य राहिला असता, गंधालीचं बाळंतपणही झालं असतं. पण एकटीला सोडतील तर ते चंद्रप्रकाश कसले!

संध्याकाळी ते कुठेसे जाऊन आले. हातात बेकरीचं पुडकं. रविवार नव्हता, तरी. "तू दोन दिवस नीट जेवली नाहीस," ते म्हणाले, आणि बशी काढून तिच्यापुढे केक ठेवला. "घे. जरा बरं वाटेल."

जयंती त्या केककडे बघत राहिली. वरून खरपूस, मध्ये फुगून तडकलेला. हसावं की रडावं तेच कळेना. गेले तीन दिवस जी खात्री हा माणूस डॉक्टरांच्या दारोदार मागत फिरत होता, ती त्याने स्वतःच्या हाताने बशीत घालून तिच्यापुढे ठेवली होती. तिने एक तुकडा खाल्ला. दुसरा खाल्ला. चिडून चिडून खाल्ला.

"बघ, किती आवडतो तुला," चंद्रप्रकाश कौतुकाने म्हणाले.

शुक्रवारी ती पहाटेच उठून तयार झाली, तर हे आधीच बूट घालून दारात. रिक्षा कांजूरमार्गजवळ आली आणि कचऱ्याचा वास आला तसा त्यांनी रुमाल पुढे केला. केंद्रात पोचल्यावर तिने म्हटलं, "पाणी संपलंय हो, जरा बाटली आणता?" त्यांनी पिशवीतून दुसरी भरलेली बाटली काढली. वनमाला सिस्टर म्हणाली, "आत एकच जण," तर ते म्हणाले, "मी मिस्टर आहे," आणि आत शिरले. जयंतीने हात टेकले.

डॉक्टर अनुपमाने त्यांचं सगळं ऐकून घेतलं. "पत्र मी देईन काका," ती म्हणाली. "पण तुम्ही ते बेटावर दाखवल्यावर ते मानतीलच, याची गॅरंटी नाही. विमानातच बसू दिलं नाही तर? आणि लशीशिवाय तिकडे जायचं म्हणजे काकूंनाच धोका. ताप साधा नाही तो." तिने बाहेर थांबलेल्या माणसांकडे एक नजर टाकली. मग खुर्ची वळवून तिने सरळ जयंतीकडे तोंड केलं. "काकू, तुम्ही सांगा. नीट आठवून सांगा. त्या रिसेप्शननंतर अंड्याचं काहीच खाण्यात आलं नाही?"

"मी मागेच सांगितलं ना," चंद्रप्रकाश म्हणाले, "आमच्याकडे..."

"चालतं," जयंती म्हणाली.

तिचा आवाज तिला स्वतःलाच अनोळखी वाटला. चंद्रप्रकाश थांबले. आपण ऐकलं ते बरोबर ऐकलं का, असे ते बायकोकडे बघत होते.

"आमच्याकडे अंडं चालतं, डॉक्टर. दर रविवारी चालतं. हे स्वतः आणतात, घाटकोपरहून. मावा केक. कालसुद्धा आणला होता. दोन तुकडे खाल्ले मी, यांच्यासमोर. काही झालं नाही. कधीच काही झालं नाही."

"अगं, मावा म्हणजे दूध..." चंद्रप्रकाश म्हणाले.

"काका, मावा केकमध्ये अंडं असतं," डॉक्टर सांभाळून म्हणाली. "त्याशिवाय तो तसा होत नाही." तिने जयंतीला आणखी चार प्रश्न विचारले. जयंतीने चारही उत्तरं स्वतः दिली. मग डॉक्टरने लाल गोलावर आडवी रेघ मारली, सही केली, आणि बाही वर करायला सांगितली. सुई टोचली गेली तेव्हा जयंतीला काही जाणवलंही नाही. तिचं लक्ष कोपऱ्यातल्या खुर्चीकडे होतं. तिथे तिचा नवरा मांडीवर पिशवी घेऊन बसला होता आणि हातातल्या पाण्याच्या बाटलीचं झाकण उगाच उघडत होता, लावत होता.

टोचल्यावर अर्धा तास बाहेरच्या बाकावर बसायचं असतं, काही त्रास होतो का बघायला. दोघं बसले. थोड्या वेळाने वनमाला सिस्टर येऊन म्हणाली, "मावशी, बरं वाटतंय ना? चक्कर वगैरे?"

सवयीने जयंती थांबली. उत्तर आलं नाही. चंद्रप्रकाश समोरच्या भिंतीवरच्या डासाच्या चित्राकडे बघत होते.

"बरी आहे मी," जयंती म्हणाली.

सिस्टर गेली. चंद्रप्रकाशांनी चित्रावरची नजर काढली. "तुला कधी कळलं?"

"आई असतानाच."

"मी माझ्या हाताने भरवत होतो तिला. जन्मभर सोवळं पाळलं तिने. आणि शेवटी मी... तू मला थांबवायचं होतंस, जयू. का नाही बोललीस?"

आणि इथे जयंतीच्या सहनशक्तीचा अंत झाला.

"मी बोलायचं? कधी? कुठल्या फटीत? तुम्ही बोलू द्याल तर बोलणार ना!" बाकावरची चार माणसं वळून बघायला लागली. बघू देत. "मी आईंना सांगितलं होतं. त्याच दिवशी. त्यांना सगळं ठाऊक होतं."

चंद्रप्रकाशांनी मान वळवली. "काय म्हणाली ती?"

शब्द दिला होता. पण तो आज एका खोलीत अर्धा मोडलाच होता, मग उरलेला जपून कुणाचं भलं होणार होतं? जयंतीने आवाज खाली आणला.

"म्हणाल्या, वास मला पहिल्या दिवसापासून येतोय गं. पण तोंडाला चव आहे ती तेवढीच. बाळला सांगू नकोस. कळलं तर आणायचा बंद करील तो."

चंद्रप्रकाशांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, आणि पुसून झाल्यावरही हातातच धरून ठेवला. त्यांच्या घरात काय चालतं आणि काय चालत नाही हे ते जन्मभर जगाला सांगत आले होते, आणि घरातल्या दोन बायकांनी त्यांना तसं सांगू दिलं होतं. जयंतीला त्यांची दया आली. रागही गेला नव्हता. दोन्ही एकदमच होतं.

तिने पिशवीतून फोन काढला आणि गंधालीला लावला. तिकडे अजून रात्रच होती, तरी एका रिंगमध्ये उचलला गेला. "झालं गं," जयंती म्हणाली. "टोचलं. येतेय मी." पलीकडून रडण्याचा आवाज आला, मग हसण्याचा. "रडू नकोस. पाय वर करून झोप. आल्यावर सगळं सांगते."

फोन ठेवला तरी चंद्रप्रकाश तसेच बसलेले. अर्धा तास होत आला. मग ते तिच्याकडे न बघता, हळूच म्हणाले, "रविवारी... केक आणू? की नको?"

जयंतीने लगेच उत्तर दिलं नाही. ते थांबले होते. चष्मा हातात धरून, तोंड मिटून, तिच्या उत्तरासाठी थांबले होते. तिने त्यांना थोडा वेळ तसंच थांबू दिलं.